आईजवळ कोण बसते?



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. सिडकोच्या जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. वसईहून किंवा नगरकडच्या खेड्यातून मुलाकडे आलेली आई खिडकीच्या ग्रीलला धरून बसलेली. औषध वेळेवर, जेवण वेळेवर. "फादर, मी काही कमी पडू देत नाही," मुलगा सांगतो आणि ते खरेच असते. मग दारापर्यंत सोडायला येऊन हळूच म्हणतो, "पण मनाला समाधान नाही."

येशूच्या काळी काही जण आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करीत आणि आईवडिलांना द्यायचे टाळीत. प्रभूने त्यांना कडक शब्दांत सुनावले (मार्क 7:9-13). आपण तसे करीत नाही. आपण पैसे देतो, पण वेळ मात्र ओव्हरटाइमला, मोबाइलला, कधी चर्चच्या मीटिंगलासुद्धा 'कुर्बान' करून टाकतो.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. चांगला कायदा आहे. पण आईजवळ अर्धा तास बस, असा हुकूम कोणते न्यायाधिकरण देणार?

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. आईवडिलांची सेवा केल्याचे नाव मुलाचे होते, अंथरूण बदलते ती बहुधा सून. तिलाही आईवडील आहेत. चौथी आज्ञा फक्त नवऱ्याच्या आईवडिलांसाठी दिलेली नाही.

जे रात्र-रात्र जागून थकले आहेत, चिडतात आणि मग पापनिवेदनात रडतात, त्यांना मी काय सांगू? थकणे हे पाप नव्हे. बेन सिराच्या ग्रंथातील तिसरा अध्याय वाचा. वडिलांची बुद्धी मंदावली तरी त्यांना सांभाळून घे, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे ही अवघड वेळ त्या लेखकालाही ठाऊक होती. क्रूसावरून येशूनेही आपल्या आईला योहानाकडे सोपवले. तोही भार दुसऱ्याच्या हाती देताना लाजला नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी ठरवून दिला. तोपर्यंत थांबायला नको. ज्यांच्या घरी जिना न उतरू शकणारे कोणी आहे, त्यांनी मिस्सानंतर ऑफिसात नाव द्यावे. शेजारच्या विंगमधले कोणी तासभर येऊन बसेल. त्या तासात सुनेने झोप काढावी.