खोली, फॉर्म आणि श्रद्धा

लहरीपुरा दरवाजापासून दांडिया बाजारापर्यंत मराठी कानावर पडलं तर बडोद्यात कुणी मान वळवून पाहत नाही. गायकवाडी गेली, आडनावं राहिली, गणपती राहिले, वाडेही थोडेफार राहिले. इथं माणूस मराठी म्हटला की त्याचे देव, सण आणि पंचांग न विचारताच ठरून जातात. तेच कॅथलिकाचं. तो गोव्याचा असणार, नाहीतर केरळचा, इंग्रजी बोलणारा आणि फत्तेगंजकडे राहणारा. वसईहून महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेला मुलगा या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्याच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते. मिस्सा तो लहानपणापासून मराठीत ऐकतो. आजीच्या हातातली जपमाळही मराठीतच चालते. मराठी शेजाऱ्यांना तो ‘ख्रिश्चन असून मराठी’ वाटतो आणि चर्चमधल्या ओळखीच्यांना ‘मराठी असून ख्रिश्चन’. दोन्हीकडे कौतुकच होतं, पण ते पाहुण्याचं.

अशा मुलाची श्रद्धा कॉलेजच्या वर्षांत कशावर टिकते? चर्चच्या वर्तुळात हा प्रश्न निघाला की उत्तर तयार असतं: प्रार्थनासभा वाढवा, शिबिरं घ्या, बायबलचे वर्ग सुरू करा. वर्तुळाबाहेरचे सुशिक्षित लोक उलट सांगतात की श्रद्धा ही खाजगी बाब आहे, ती ज्याची त्यानं सांभाळावी. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पहिल्यात विद्यार्थ्याला राखणीची वस्तू समजलं जातं आणि दुसऱ्यात त्याला एकटं सोडलं जातं.

कायदा इथं फारसा कामाला येत नाही. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांविषयीचा एक महत्त्वाचा निकाल गुजरातमधूनच आला. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या सोसायटीनं राज्याविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं 1974 साली घटनेच्या तिसाव्या कलमाचा अर्थ लावला आणि संस्थेच्या कारभारातल्या सरकारी हस्तक्षेपाला मर्यादा घातल्या. निकाल मोलाचा, पण तो संस्थेचा हक्क आहे. सयाजीराव विद्यापीठ ही कॅथलिक संस्था नव्हे. पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही असं अठ्ठाविसावं कलम सांगतं, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे या विद्यापीठातल्या कॅथलिक मुलांचा समुदाय विद्यापीठाच्या भिंतींबाहेर आणि बहुतेक वेळा रविवारीच जमतो. एक फादर, दोन-चार प्राध्यापक, काही सीनियर मुलं आणि चर्चचं एखादं सभागृह एवढीच त्याची मालमत्ता.

ही अडचण बडोद्याची एकट्याची नाही. अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांनी 1893 साली पहिला न्यूमन क्लब काढला, तो याच गरजेतून. विद्यापीठ कॅथलिक नव्हतं आणि मुलं मात्र होती. ज्या इंग्रज धर्मगुरू न्यूमन यांचं नाव क्लबाला दिलं त्यांनी 1852 मध्ये डब्लिनला विद्यापीठ म्हणजे काय यावर व्याख्यानं दिली होती. ज्ञानाला घाबरणारी श्रद्धा त्यांना मान्य नव्हती. आपल्याकडे 1924 साली मद्रासला फादर कार्टी या जेझुइटांनी अखिल भारतीय कॅथलिक विद्यापीठ महासंघ उभा केला. ‘आयकफ’ या नावानं तो ओळखला जातो. या संघटनेच्या 1970 च्या पूनमल्ली जाहीरनाम्यानंतर तिचा रोख भक्तीच्या कार्यक्रमांकडून अन्यायाच्या प्रश्नांकडे वळला. काही वडीलधाऱ्यांना हे राजकारण वाटलं. माझ्या मते विद्यार्थ्याचं खरं दुखणं भक्तीच्या कार्यक्रमांनी बरं होत नाही हे संघटनेनं तेव्हा ओळखलं.

ते दुखणं शंकेचं नसतं, निदान पहिल्या वर्षी तरी नसतं. गावातली श्रद्धा सवयीच्या आधारानं उभी असते. घंटा होते, आई हाक मारते, शेजारी निघालेले दिसतात, मग आपणही निघतो. हॉस्टेलात घंटा नाही. शनिवारी रात्री सबमिशन लिहून झोपलेला मुलगा रविवारची मिस्सा चुकवतो, पुढच्या रविवारीही चुकवतो, आणि घरी फोनवर ‘गेलो होतो’ असं सांगतो. त्याचा विश्वास गेलेला नाही, सवय तुटली आहे. अशा वेळी घाबरून उपदेश सुरू केला तर सवयीबरोबर माणूसही जातो. एखादा सीनियर सकाळी दार ठोठावून ‘चल, नंतर चहा घेऊ’ म्हणाला तर तो येतो. हे ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून वार्षिक अहवालात त्याला जागा मिळत नाही.

शंका नंतर येते, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, वाचनातून आणि मित्रांतून. तेव्हा समुदायाची खरी परीक्षा असते. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाची गोष्ट आहे. जखमांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही असं तो म्हणाला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच गोष्टीत आणखी एक तपशील आहे: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले तेव्हा थोमा त्यांच्यातच होता. मधल्या आठवड्यात त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं आणि तोही उठून गेला नव्हता. जो विद्यार्थी समुदाय आपल्यातल्या अविश्वासूला आठवडाभर, प्रसंगी वर्षभर, शेजारी बसवून घेऊ शकत नाही, त्यानं इतरांच्या विश्वासाची जबाबदारी घेतली आहे असं म्हणता येणार नाही.

माणसाला आपल्यात जागा देण्याच्या बाबतीत बडोद्याला स्वतःचा एक जुना धडा आहे. 1917 च्या सप्टेंबरात भीमराव आंबेडकर कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. शिष्यवृत्ती याच संस्थानची होती. राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी नाव घेऊन एका पारशी उतारूगृहात राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. हा भाग सर्वांना माहीत आहे. पुढचा भाग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत आहे आणि ख्रिस्ती वाचकानं तो पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. हे नवरा-बायको मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर नवरा उदार झाला होता, बायकोचं सोवळं तसंच होतं. त्या टोलवाटोलवीचा अर्थ आंबेडकरांना पुढे कळला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी कमाटीबागेत काढला.

तो ख्रिस्ती मित्र कॅथलिक होता की प्रॉटेस्टंट हा प्रश्न इथं गैरलागू आहे. बाप्तिस्मा झाला होता, मैत्री होती, उदार विचारही होते. खोली मात्र नव्हती. त्या संध्याकाळी त्या घरातल्या ख्रिस्ती श्रद्धेला काय बळ मिळालं असेल?

जातीचा प्रश्न चर्चच्या दारात संपला असं आजही म्हणता येत नाही, आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत तो एका फॉर्ममध्ये येऊन बसतो. चरोतरातल्या अनेक कॅथलिक कुटुंबांचे पूर्वज वणकर या दलित जातीतले होते. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. म्हणजे प्रवेशाच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिलं की अनुसूचित जातीची सवलत आणि शिष्यवृत्ती गेली. ‘हिंदू’ लिहिलं तर पैसे मिळतात, पण कुणी ओळखीचं चर्चमध्ये पाहील का ही धास्ती लागते. अठरा वर्षांच्या मुलीला श्रद्धेचा पहिला जाहीर निर्णय असा कारकुनाच्या खिडकीसमोर घ्यावा लागतो. तिला रोझरीचं महत्त्व समजावणाऱ्या व्याख्यानाचा काय उपयोग? तिला फीचा हिशेब समजणारा माणूस हवा, धर्मप्रांताच्या निधीतून मदत मिळेल का हे सांगणारा हवा, आणि तिनं जे लिहिलं त्यावरून तिला न तोलणारे सोबती हवेत.

समुदाय फार घट्ट झाला तर त्याचं कोंडाळं होतं, ही भीतीही खोटी नाही. चार वर्षं फक्त कॅथलिक मित्रांत काढलेला विद्यार्थी विश्वासात पक्का दिसतो, पण त्याचा विश्वास कधी उन्हात गेलेलाच नसतो. यावर गुजरातनं दाखवलेला एक माणूस मला आठवतो. फादर कार्लोस वालेस स्पेनहून आलेले जेझुइट. अहमदाबादच्या सेंट झेवियर्समध्ये गणित शिकवायचे. गुजराती इतकं आत्मसात केलं की गुजरात त्यांना आपलाच लेखक मानू लागला. रणजितराम सुवर्णचंद्रकही मिळाला. 1970 च्या दशकात त्यांनी जेझुइट संघाचं निवासस्थान सोडलं आणि शहरातल्या पोळांमध्ये घरोघर पाहुणा म्हणून राहायला लागले, एका घरी थोडे दिवस, मग दुसऱ्या घरी. असं सुमारे दहा वर्षं. घरं बहुतेक हिंदू-जैन. फादर त्यांच्यातच जेवायचे, झोपायचे आणि सकाळी सायकलीनं कॉलेजात जायचे. त्यांच्या या राहण्यातून कॅथलिक विद्यार्थ्यांना मिळालेला धडा कोणत्याही शिबिरातून मिळाला नसता: दुसऱ्याच्या देवघराशेजारी झोपूनही आपली प्रार्थना शाबूत राहते.

बडोद्याच्या कॅथलिक समुदायापुढचं काम मला यातून दिसतं. रविवारी एकाच छताखाली चरोतरातला गुजराती, दाहोद-छोटा उदेपूरकडचा आदिवासी, मल्याळी, गोवेकर आणि वसईकर बसतात, आणि मिस्सा संपली की भाषेभाषेचे घोळके होऊन पांगतात. इंग्रजी येणारे वाचनं करतात, गाणी म्हणतात. बाकीचे मागच्या बाकांवर. वसईचा मुलगा ज्या परकेपणाची तक्रार करतो तोच परकेपणा तो नकळत आदिवासी सोबत्याला देत असतो. विद्यार्थीगटाचं नेतृत्व सोयीसाठी इंग्रजीवाल्यांकडेच राहणार असेल तर त्या गटानं श्रद्धेला आधार देण्याची भाषा करू नये.

चर्चच्या मंडळींना म्हणून सांगणं एवढंच, की पुढचं शिबिर रद्द करून त्या पैशांत परगावच्या चार विद्यार्थ्यांच्या खोलीची अनामत रक्कम भरा. आणि जुन्या शहरातल्या मराठी घरमालकांना विनंती: वरच्या मजल्यावरची खोली देताना भाडं वाजवून घ्या, रात्री उशीर चालणार नाही असंही सांगा, मात्र समोरच्या मुलानं शुद्ध मराठीत आपलं आडनाव लोपीस किंवा तुस्कानो सांगितलं म्हणून ‘घरात विचारून कळवतो’ म्हणू नका.