वर्णन, विधी आणि जबाबदारी

साहित्यविचारात वर्णनाला बहुधा दुय्यम स्थान मिळत आले आहे. कथनाने काही घडते, वर्णनाने घडणे थांबते, अशी आपली धारणा असते. या धारणेला छेद देणारा एक गद्यप्रकार अलीकडे संगणकाच्या क्षेत्रात उदयास आला आहे. भाषिक प्रारूपांवर आधारलेल्या, स्वतःहून कामे पार पाडणाऱ्या ज्या प्रणालींना 'एजंट' म्हणतात, त्यांच्या हाती शोध घेणे, पत्र पाठवणे, नोंद बदलणे अशी साधने दिलेली असतात. ओपनएआयने जून २०२३ मध्ये अशी सोय आपल्या प्रारूपांना जोडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲन्थ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत मांडला. दोहोंत प्रारूपापुढे येते ते साधनाचे नाव, त्याचे गद्य वर्णन आणि त्याला पुरवायच्या माहितीचा आराखडा. साधनामागील आज्ञावली त्याला सामान्यतः दिसत नाही. एजंटापुरते बोलायचे तर वर्णन हेच साधन होय.

असे वर्णन संदिग्ध राहिले, तर त्यातून घडलेल्या कृतीची जबाबदारी कोणाची, हा येथील नैतिक प्रश्न आहे.

मराठीतीलच एक वाक्य कल्पून पाहू : 'हे साधन ग्राहकाची नोंद काढते.' आपण बँकेतून पैसे काढतो, कागदावर चित्र काढतो आणि भिंतीवरचे चित्रही काढतो. नोंद शोधून समोर ठेवणे आणि ती पुसून टाकणे, हे दोन्ही अर्थ या वाक्यात नांदतात. आपल्या शास्त्रकारांनी 'सैंधव आण' या वाक्याची चर्चा केली आहे. भोजनाच्या वेळी सैंधव म्हणजे मीठ, प्रयाणाच्या वेळी घोडा. सेवकाला प्रकरणावरून अर्थ लागतो, कारण पानही त्याच्यासमोर असते आणि धनीही. एजंटासमोर मात्र जे लिहिले गेले तेवढेच प्रकरण असते. त्यालाही विचारता येते, हे खरे. पण शंका आली तरच विचारणा संभवते. दोन अर्थांपैकी एकच निःशंकपणे लागला, तर प्रश्न उपस्थितच होत नाही.

आनंदवर्धनापासून एम्पसनपर्यंत अनेकार्थतेला काव्याचे वैभव मानणाऱ्या समीक्षेला हा आग्रह रुक्ष वाटेल. परंतु भेद शैलीचा नाही. काव्यातील संदिग्धतेची जोखीम सहृदय वाचक स्वेच्छेने पत्करतो आणि तिचे फळही त्यालाच मिळते. येथे जोखीम वाचकाची नसतेच. ज्याची नोंद नष्ट होते त्या ग्राहकाने ते वाक्य लिहिलेले नसते, वाचलेलेही नसते. तिसऱ्याच्या माथी पडणारी संदिग्धता ही रसाची नव्हे, न्यायाची बाब ठरते.

मीमांसकांची परिभाषा येथे उपयोगी पडते. त्यांनी कृतीस प्रवृत्त करणारा विधी, कृतीपासून परावृत्त करणारा निषेध आणि स्तुती वा निंदा करणारा अर्थवाद असा भेद केला; अर्थवादाला विधीशी जोडूनच प्रामाण्य दिले. साधनाचे वर्णन व्याकरणाने विधान असले तरी कार्याने विधी असते. 'अत्यंत उपयुक्त, सर्वांत विश्वसनीय' अशी विशेषणे त्यात घातली की अर्थवाद विधीच्या जागी बसतो आणि साधनाची निवड गुणाऐवजी स्तुतीवर होऊ लागते. याउलट निषेध बहुधा गाळला जातो, आणि प्रामाणिकपणाची कसोटी तेथेच लागते. 'ग्राहकाची नोंद कायमची पुसते. ती परत मिळवता येत नाही. केवळ माहिती पाहण्यासाठी वापरू नये' या वर्णनात लालित्य नाही, पण लेखकाने आपल्या साधनाची मर्यादा आणि परिणाम दोन्ही पत्करले आहेत.

अर्थात स्पष्टता म्हणजे सत्य नव्हे. सुस्पष्ट वाक्यही खोटे असू शकते. वर्णनात छुप्या आज्ञा पेरून एजंटाला भलत्याच कृतीकडे वळवता येते, हेही दिसून आले आहे. साधन केवळ वाचते की काही नष्ट करते याविषयीच्या खुणा विश्वासू स्रोताकडून आलेल्या नसतील तर त्यांवर विसंबू नये, असे उपरोक्त संकेतच बजावतो. म्हणून जे परत फिरवता येत नाही, त्यापूर्वी माणसाची संमती घेणे अटळ ठरते. परंतु संमती देणाऱ्यालाही कशाला संमती द्यायची ते कोणीतरी लिहिलेल्या वाक्यातूनच कळणार. यंत्राने अर्थ चुकीचा लावला, असे म्हणून त्या वाक्याच्या कर्त्याला बाजूला होता येणार नाही. दुसरा अर्थ त्यानेच उघडा ठेवलेला असतो.