बाहेर किती, आत किती

अंबरनाथची एक मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती. प्रकल्प होता राहत्या घराचा, पण अट अशी की घराचा सांगाडाच त्याचं रूप ठरवेल. तिने बदलापुरात उल्हास नदीजवळचा प्लॉट निवडला. जुलै 2019 च्या पुराची आठवण ताजी होती, म्हणून तळ मोकळा सोडून घर खांबांवर उचललं. इथवर ठीक होतं. मग नदीच्या अंगाला तिने चार मीटर पुढे झेपावणारी बाल्कनी काढली, खाली एकही खांब नाही. मागे जेमतेम तीन मीटरची खोली आणि खोलीमागे उघडा चौक. मॉडेल टेबलावर आलं की अख्खा वर्ग जमायचा.

"वजन कुठे जातंय?" सरांनी विचारलं. तिचं बोट बाल्कनीवरून भिंतीपर्यंत गेलं आणि तिथेच अडलं.

मामा उल्हासनगरात सेंट्रिंगची कामं घ्यायचा. मे 2021 मध्ये तिथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली, तेव्हापासून तो बोलायचा कमी आणि सळया मोजायचा जास्त. नकाशा बघून म्हणाला, "बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण ताण वर येतो. नवखे गडी ती खाली टाकतात, नाहीतर वरची तुडवून तुडवून खाली दाबतात. मग फळ्या काढल्या की बाल्कनी मान टाकते. आणि जेवढी बाहेर, त्याच्या दीडपट आत. तुझी सळई आत कुठे जाणार? चौकात?"

चार मीटरला सहा हवे होते. तिच्याकडे तीन होते.

रविवारी तो तिला अंबरनाथच्याच वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरात घेऊन गेला. महाशिवरात्रीच्या रेटारेटीत तिने ते अनेकदा पाहिलं होतं. पण 1060 सालच्या त्या मंडपात छताकडे निवांत बघायला कोणाला सवड असते! दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला आणि त्याची मागची बाजू वरच्या भाराखाली दाबलेली. बघणारे पुढची नक्षी बघतात.

"ह्याला किती पुढे येऊ दिलंय बघ," मामा म्हणाला, "आणि मागे किती धरून ठेवलंय."

तिने बाल्कनी दोन मीटरवर आणली. वर्गातली गर्दी ओसरली.

ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "समोर एवढी नदी आणि बाल्कनी दोनच मीटर?"

"मागची खोली तीन मीटरची आहे, सर."

"मग खोली वाढव."

"चौक जाईल. स्वयंपाकघराला उजेड तिथूनच येतो."

परीक्षकांनी तिचा सेक्शन पुन्हा उलगडला, सळईच्या रेघेवरून पेन्सिल आत चौकाच्या भिंतीपर्यंत नेली आणि काही न बोलता गुण मांडले. मग ते शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथल्या घराचा पाच मीटरचा मजला हवेत तरंगत होता आणि पोरं फोटो काढत होती. परीक्षकांनी वाकून खालून पाहिलं आणि विचारलं, "ह्याची सळई आत कुठवर जाते?"