रडीचा डाव कोणाचा?

संगणकावर डावपेचांचे खेळ खेळणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे: संगणक लबाडी करतो. येथे आम्हांला अभिप्रेत आहेत ते बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने खेळावयाचे खेळ. आपली खेळी झाली, की मग प्रतिपक्षाची. बोटांच्या चपळाईचे येथे काम नाही, विचाराला हवा तेवढा अवधी आहे. म्हणूनच हरल्यावर दोष कोणाला द्यावा, हा प्रश्न अधिक बोचतो.

तक्रार निराधार नाही. सिड मायर व ब्रूस शेली यांनी १९९१ साली रचलेल्या ‘सिव्हिलायझेशन’चे उदाहरण घ्यावे. इ. स. पूर्व ४००० पासून एक राष्ट्र वाढवीत न्यावयाचे, असा तो खेळ. त्याच्या २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीत ‘प्रिन्स’ या पातळीवर दोन्ही पक्षांना सारखेच नियम लागू होतात. पण ‘डेइटी’ या सर्वांत कठीण पातळीवर माणूस वसाहत वसविणाऱ्या एकाच तुकडीनिशी आरंभ करतो, तर संगणकाचे प्रत्येक राष्ट्र तीन तुकड्यांनिशी. उत्पादन आणि विद्या यांतही त्याला वाढीव वाटा मिळतो. कारण साधे आहे. १९९७ साली ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारॉव्हला बुद्धिबळात हरविले खरे, पण अशा पसरट खेळात संगणकाची बुद्धी तोकडी पडते, ती उणीव मग शिधासामग्रीने भरून काढावी लागते.

याला लबाडी म्हणावे काय? लबाडीला इच्छा लागते, आणि यंत्राला इच्छा नाही. संत थॉमस अक्विनास असत्याचा विचार करताना बोलणाऱ्याच्या इच्छेपाशीच येऊन थांबतात. तेव्हा संगणक प्रामाणिकही नव्हे, अप्रामाणिकही नव्हे. जाब विचारावयाचा तो खेळ रचणाऱ्याला.

आणि विषमता म्हणजे अन्याय, असेही नाही. आपल्या अंगणात मुले खेळताना धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतातच की. तो बाद झाला तरी बाद होत नाही, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. कारण ते सर्वांना आधीच ठाऊक असते. बुद्धिबळात कसलेला खेळाडू नवख्याला एखादे मोहरे सोडून देतो, तोही याच न्यायाने. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात धनी कुरकुरणाऱ्याला हेच विचारतो, की तुझा-माझा एक दिनार ठरला होता ना? ठरलेले पाळले गेले, तर दुसऱ्याला अधिक मिळाले म्हणून आपला हक्क बुडत नाही. ‘डेइटी’ पातळी आपण आपण होऊन निवडतो. तेथे हरल्यावर लबाडीची हाकाटी करणे, हाच खरा रडीचा डाव होय.

पण प्रकरण येथे संपत नाही. अधिक गंभीर गोष्ट आहे ती आपल्या बाजूने होणाऱ्या लबाडीची, जिच्याविषयी क्वचितच कोणी तक्रार करतो. २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथे खेळरचनाकारांसमोर बोलताना मायर यांनी सांगितले, की लढाईत आपले बळ तीनास एक असताना हार झाली, तर खेळाडूंना अन्याय वाटे. मात्र एकास तीन असताना जिंकले, तर त्यांना त्यात काहीच वावगे वाटत नसे. गणित अर्थातच दोन्हीकडे एकच. शेवटी गणितालाच खेळाडूच्या मनाप्रमाणे मुरड घालण्यात आली. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी खेळमालेत २००२ पासून कितीतरी भागांत एकाऐवजी दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतली गेली. परिणामी पडद्यावर नेम लागण्याची शक्यता शेकडा ९० दिसते, तेव्हा ती प्रत्यक्षात सुमारे ९८ असते. आणि १० दिसते, तेव्हा जेमतेम २. २०१२ च्या ‘एक्सकॉम’मध्ये सोप्या पातळ्यांवर लागोपाठ नेम चुकले, की पुढील नेमाची शक्यता गुपचूप वाढविली जाते.

खेळातले असत्य तेवढे मनावर घेऊ नये, असे कोणी म्हणेल. संत ऑगस्टीन यांनी थट्टेला असत्यातून वगळले, ते थट्टा करणाऱ्याच्या स्वरावरूनच ती थट्टा असल्याचे कळते म्हणून. अक्विनास मात्र थट्टेतले असत्यही असत्यच मानतात, जरी ते सौम्य असले तरी. (खेळाचे त्यांना वावडे नव्हते, सतत ताणलेले धनुष्य मोडते, ही संत योहानाची कथा त्यांनीच खेळाच्या समर्थनार्थ दिली आहे.) पण पडद्यावरच्या ९० या आकड्याला थट्टेचा स्वर कोठे आहे? तो तर हिशेबनिसाच्या गंभीर चेहऱ्याने समोर येतो. ही सूट ऑगस्टीनसुद्धा त्याला देणार नाहीत, असे आम्हांस वाटते.

हानी किती, असे विचारले जाईल. शेकडा ९० म्हणजे जवळजवळ खात्रीच, हे वर्षानुवर्षे बोटांना शिकविले गेलेला मनुष्य उद्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांच्या तोंडून तोच आकडा ऐकेल. दहांतला एक कोण, हा विचार त्याच्या मनाला शिवेल काय? आणि तो एक आपल्याच घरातला निघाला, तर ज्याच्या नावाने बोटे मोडावीत असा संगणकही तेथे नसेल.

रचनाकारांनी संगणकाला तीनच काय, पाच तुकड्या द्याव्यात. फक्त ते आरंभीच सांगावे. आकडा मात्र खरा छापावा. ‘एक्सकॉम’मध्ये तो खरा मिळतो, नाही असे नाही. त्यासाठी वरच्या दोन पातळ्या निवडाव्या लागतात.