‘ती’ आणि ‘त्या’

भाईंदर पूर्वेच्या आमच्या घराला आतलं दार नव्हतं. एक खोली, तिच्या पाठीमागे स्वयंपाकघर, आणि मध्ये पडदा. पडद्यामागचं कोणीही सगळं ऐकू शकत होतं, पण ऐकलेलं बरेचदा अर्धंच असायचं. मिक्सर लागायचा, कुकरची शिट्टी व्हायची, खालून भंगारवाला ओरडत जायचा, आणि वाक्याचं एक टोक हरवून जायचं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि बाबांची गिरणी त्यांच्यासाठी कायमची बंद झाली. लालबागची चाळ सोडून आम्ही १९८६ मध्ये इकडे आलो. मीरा-भाईंदरची नगरपरिषद होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. स्टेशनपलीकडे मिठागरं होती, इकडे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. बाबा त्यातल्याच एका कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागले. संध्याकाळी घरी आले की कानामागे काळी भुकटी बसलेली असायची. लालबाग-परळमधून बाहेर पडलेली आमच्यासारखी कितीतरी घरं पश्चिम रेल्वेच्या या टोकाला येऊन राहिली. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. आम्ही आलो तेव्हा रात्री खाडीवरच्या पुलावरून जाणारी गाडी घरात ऐकू यायची.

२००१च्या मे महिन्यात आत्या राहायला आली होती. बाबांची थोरली बहीण. लालबागच्या चाळीत तिचा शब्द चालायचा. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचं लग्न अडलंय, कोणाचा मुलगा उशिरा घरी येतो, हे सगळं तिला स्वतःच्या घरचं वाटायचं. त्या दुपारी ती पडद्याअलीकडे चटईवर आडवी झाली होती. वहिनी स्वयंपाकघरात फोनची वायर ओढून नालासोपाऱ्याला आपल्या आईशी बोलत होती. तिचं वाक्य असं होतं: ‘ती आता चालत नाही गं. आवाज तेवढा करते. नुसती जागा अडवून बसलीय. गणपतीला गावी जाऊ तेव्हा तिकडेच नेऊन ठेवू.’

आईचे गुडघे त्या वर्षी फार दुखत होते.

आत्या उठली, चप्पल घातली, खाली एसटीडीच्या बूथवर गेली. एक फोन संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी, काकांना. दुसरा नालासोपाऱ्याला, वहिनीच्या भावाला. संध्याकाळी सात वाजता वहिनीचे आई-वडील आणि भाऊ दारात उभे होते, हातात आंब्यांची पिशवी. त्यांना नेमकं काय झालंय ते माहीत नव्हतं, काहीतरी झालंय एवढंच माहीत होतं. दादा ड्यूटीवरून आला, बाबा आले, मी आले. त्या खोलीत नऊ माणसं बसली. आईने सगळ्यांना चहा दिला. कोणी काही बोलेना. शेवटी आत्याच रडायला लागली आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं तिने सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तिला उत्तर सुचेना, कारण शब्द तिचेच होते.

आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘वन्सं, ही मला “ती” म्हणेल का? तीन वर्षं झाली लग्नाला. माहेरी फोन करते तेव्हाही “त्या”च म्हणते मला. पडद्यामागे असते मी, सगळं ऐकू येतं.’

मग वहिनीला वाचा फुटली. ती शिलाई मशीनबद्दल बोलत होती.

एवढ्यावर हे संपलं असतं तर तो एक मजेदार किस्सा झाला असता, आणि इतकी वर्षं मी त्याचा विचार करत बसले नसते. पण मशीनचं नाव ऐकल्यावर आई गप्प झाली. संपाच्या वर्षी सेकंडहँड घेतलेली ती मशीन. बाबांचा पगार थांबला तेव्हा आई तिच्यावर पीसने परकर शिवायची, आणि दोन वर्षं आमचं घर त्यावर चाललं. वहिनीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिला दिसत होती खिडकीखाली धूळ खात पडलेली एक बंद वस्तू, आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्या बोलण्यात चूक काढता येत नाही. तरी ‘गावी नेऊन ठेवू’ हे आईला लागलं, आणि ते लागलंय हे वहिनीला तिथल्या तिथे कळलं. आत्याने लुडबूड केली नसती तर गणपतीला मशीन गेली असती, आईने अवाक्षर काढलं नसतं, आणि वहिनीला आयुष्यभर कळलं नसतं की तिने काय उचलून बाहेर ठेवलं. त्या रात्री सगळे आमच्याकडेच जेवले. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळून चामड्याचा पट्टा आणला, मशीनला बसवला, तेल घातलं. मशीन चालली.

पुढे गैरसमजांवरची विनोदी नाटकं आणि मालिका बघताना ती खोली मला आठवत राहिली. ‘संशयकल्लोळ’ मी बोरिवलीला पाहिलं. तेव्हा नाटकासाठी भाईंदरकरांना बोरिवली नाहीतर ठाणं गाठावं लागायचं. रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात आणि त्यांची बायको कृत्तिका ते लांबून बघते. तिकडे पडलेली तसबीर कृत्तिका उचलते आणि नेमकं तेव्हा फाल्गुनराव तिला बघतात. कोणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं खरंच असतं, पण अर्धं असतं. हा सांगाडा फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० मध्ये रचला, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून तो गोविंद बल्लाळ देवलांकडे आला, आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणला. तीन देश फिरून आलेली गोष्ट आपल्याला इतकी घरची वाटते, कारण एकमेकांच्या फार जवळ राहणारी माणसं सगळीकडे अशीच ऐकतात आणि अशीच बघतात.

पुतणीने मला ‘द रॉयल फॅमिली’ ही ब्रिटिश मालिका दाखवली. हे रॉयल म्हणजे राजघराणं नाही, मँचेस्टरच्या एका कामगार कुटुंबाचं ते आडनाव. कॅरोलिन अ‍ॅहर्न आणि क्रेग कॅश यांनी लिहिलेली ही मालिका १९९८ मध्ये बीबीसीवर सुरू झाली. ती जवळजवळ सगळी एका बैठकीच्या खोलीत घडते. टीव्ही चालू, सोफ्यावर माणसं, आणि शेजारचे येऊन-जाऊन. मागे हसण्याचा आवाज भरलेला नाही. घरातला बाप जिम खेकसतो, त्याची बायको बार्बरा सगळ्यांना चहा विचारते, आणि तिची आई, नाना, प्रत्येकाच्या बाबतीत काहीतरी बोलते. २००६च्या एका विशेष भागात नाना आजारी पडते तेव्हा तिचा पलंग त्याच खोलीत, टीव्हीसमोर येतो. बार्बरा तिचे केस विंचरते ते बघताना पुतणी माझ्याकडे बघत होती आणि मी रडत होते. आईचं शेवटचं अंथरूणही दादाच्या हॉलमध्येच होतं.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी, माझ्या मते, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदेंनी केलेली. टिपरे मध्यमवर्गीय, त्यांचं घर आमच्याहून मोठं. पण तिथेही आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, कानावर पडल्याशिवाय काही राहत नाही, आणि आठवड्याचा गोंधळ त्याच आठवड्यात मिटतो. ती २००१ मध्ये सुरू झाली, आमच्या मशीनच्या वर्षी. त्याच वर्षी ‘चार दिवस सासूचे’ही सुरू झाली आणि २०१३पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग. आई दोन्ही बघायची. मी ‘चार दिवस सासूचे’ला नावं ठेवणार नाही, दिवसभर राबलेल्या कितीतरी बायकांना तिने सोबत केली. पण रोजच्या मालिकेत गैरसमज उद्यापर्यंत जिवंत ठेवावा लागतो, आणि त्यासाठी जागा लागते. म्हणून या मालिकांत बंगले असतात, जिने असतात, प्रत्येकाची वेगळी खोली असते. रागावलेली सून जिना चढून वर जाते आणि चार महिने सासूच्या समोर येत नाही. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा काशिमिऱ्याकडच्या स्टुडिओंत लाइटचं काम करायचा. तो सांगायचा, जिन्यावरचं ते दार उघडलं की आत खोली नसते, प्लायवूडचे टेकू असतात.

आमच्याकडे रुसून जायचं म्हणजे जिन्यात जाऊन बसायचं. तिथेही वरच्या मजल्यावरची बाई ‘काय गं, काय झालं?’ विचारायची, आणि माणूस घरात परत यायचा. रात्री नऊला जेवायला एकत्र बसावंच लागायचं, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. लहान घराचे हाल मी भोगलेत, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. नवीन लग्न झालेल्या दादा-वहिनींनी त्या पडद्याआड काय काय गिळलं असेल, ते आता, माझा स्वतःचा संसार झाल्यावर, मला थोडंफार समजतं. तरी तिथे राग शिळा व्हायला वेळ मिळत नव्हता, हे खरं आहे.

आत्या २०१० मध्ये गेली. दादा-वहिनी मीरा रोडला टू बीएचकेत राहायला गेले, मी लग्न होऊन नायगावला आले. मध्ये फक्त भाईंदर स्टेशन आणि खाडी. २०१६ मध्ये आईचं वर्षश्राद्ध होतं. दादाने ग्रुपवर मेसेज टाकला: तारीख, वेळ, पत्ता आणि खाली ‘येणाऱ्यांनी कृपया कळवावे’. मला वाटलं, मी येणारी? माझ्या आईच्या श्राद्धाला मी कळवून जायचं? मी कळवलं नाही आणि गेलेही नाही. दादाला वाटलं, हिला साधा एक दिवस काढता आला नाही. मी माझ्या घराचं दार लावून बसले, तो त्याच्या. दोन्ही घरांना भक्कम दारं होती. ओळखीचे सगळे समंजस होते, भावाबहिणीच्या भांडणात कशाला पडा, म्हणून कोणी पडलं नाही. अडीच वर्षं गेली. त्या अडीच वर्षांत मला आत्याची जेवढी आठवण आली, तेवढी ती गेली तेव्हाही आली नव्हती.

मग एका दुपारी बेल वाजली. वहिनी एकटीच आली होती, फोन न करता. घामाघूम झालेली. पाणी पिऊन म्हणाली, ‘ह्यांना सांगून आले नाहीये. त्या ग्रुपमध्ये ह्यांच्या ऑफिसची माणसंसुद्धा होती, ताई. जेवणाचा अंदाज हवा म्हणून तो मेसेज मीच लिहिला होता. येणाऱ्यांत तुम्ही कशा? तुम्ही घरच्या.’

मी काही बोलू शकले नाही. तिने घरभर नजर फिरवली, खिडकीपाशी थांबली.

‘आईंची मशीन हॉलमध्येच आहे,’ ती म्हणाली. ‘पट्टा तुटलाय. ह्यांना बसवता येत नाही. रविवारी या.’

रविवारी मी स्टेशनजवळून पट्टा घेतला आणि दुपारची गाडी पकडली.