श्वास राखणाऱ्याचा धर्म

आपल्या भाषेने श्वासाला आणि जिवाला ‘प्राण’ हे एकच नाव दिले आहे. पिढ्यानपिढ्या या दोहोंत भेद करण्याचा प्रसंगच माणसावर येत नसे. श्वास थांबला की प्राण गेला, इतके ते सरळ होते. गेल्या पाऊणशे वर्षांत मात्र या दोहोंत अंतर पडले आहे. छाती लयीने वरखाली होत आहे, परंतु तो श्वास रुग्णाचा नसून यंत्राचा आहे, अशी स्थिती अतिदक्षता विभागात नित्य आढळते. अशा रुग्णाची नळी काढणे म्हणजे त्याचे प्राण घेणे होय काय? हा प्रश्न केव्हा ना केव्हा अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. आणि ज्याच्या हातून ती नळी निघते, त्याच्यापुढे तर तो वारंवार उभा राहतो. त्याचा थोडा विचार येथे करावा, असे आम्हांस वाटते.

डॉक्टर आणि परिचारिका यांना आपण ओळखतो. श्वसनोपचारतज्ज्ञाची, म्हणजे रुग्णालयात ज्याला रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात त्याची, ओळख फारच थोड्यांस असते. दर श्वासागणिक किती हवा जावी, तीत प्राणवायू किती असावा, दाब किती असावा, हे डॉक्टरांच्या विचाराने जुळविणे. नळीत साचलेला कफ ओढून काढणे. धमनीतील रक्ताची तपासणी पाहून यंत्रात फरक करणे, ही त्याची कामे. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत ती डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ आपसांत वाटून घेतात. जेथे हा व्यवसाय चांगला रुजला आहे, विशेषतः अमेरिकेत, तेथे डॉक्टरांचा आदेश झाल्यावर अखेरची नळी काढण्याचे कामही पुष्कळदा याच व्यक्तीकडे येते.

या विद्येचा एक मोठा प्रारंभ १९५२ साली कोपनहेगन येथे झाला. पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात एकामागून एक येऊ लागले, आणि यंत्रे तर मोजकीच होती. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून गळ्यातून नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबीत श्वास देण्यास आरंभ झाला. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने ते काम केले. पूर्वी अशा रुग्णांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक दगावत; ते प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे विद्यार्थी पिशवी दाबीत होते ते रुग्णाने पुन्हा आपल्या बळावर श्वास घ्यावा म्हणून. दाबणे हे साधन होते, साध्य नव्हे.

पुढच्या काळाने आणखी एक धडा दिला. अधिक दिले म्हणजे अधिक भले झाले, असे नसते. आजारी फुप्फुसांना मोठे श्वास देण्याची पूर्वी रीत होती. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, ज्याचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला, रुग्णाच्या उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवेऐवजी ६ मिलिलिटर दिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. जो श्वास तारतो, तोच अतिरेक झाला असता फुप्फुस फाडतो. म्हणूनच चांगला श्वसनोपचारतज्ज्ञ रोज सकाळी एकच प्रश्न विचारतो: या रुग्णास यंत्राची गरज अजून आहे काय? रुग्ण सुधारणीस लागला असेल तर अर्धा तास ते दोन तास यंत्राचा आधार कमी करून तो पाहतो. आपली गरज लवकर संपावी यासाठीच झटणारे असे व्यवसाय जगात थोडे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जेथे रोगाने परतीची वाट कायमची बंद केली आहे, तेथे यंत्र जीवन राखीत नसून मरण लांबवीत असते. अशा वेळी ते दूर केले, तर मृत्यू रोगाने होतो. हात केवळ अडथळा दूर करतो. याच्या उलट, एकदा घातलेली नळी काढणे हेच पाप मानले, तर काय होईल? ती घालण्याचेच धाडस कोणी करणार नाही. चार दिवस प्रयत्न करून पाहिला असता जो कदाचित वाचला असता, त्याला तो प्रयत्नही नाकारला जाईल. थांबविण्याची मुभा आहे म्हणूनच निर्भयपणे आरंभ करता येतो, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. हेच तत्त्व पुढे करून उद्या वृद्धास, अपंगास वा गरिबास ‘आशा नाही’ म्हणून सोडून दिले जाणार नाही कशावरून? आमचे उत्तर असे की, खर्च पेलवत नाही म्हणून वाचू शकणाऱ्या रुग्णास कुटुंबाने जड अंतःकरणाने घरी नेणे, ही घटना आपल्या समाजात घडते, आणि तिला शांत मृत्यूचे नाव देणे हा ढोंगीपणा होय. तो पैशाच्या अभावाने झालेला मृत्यू आहे. त्याची लाज समाजाने बाळगावी, आणि आमच्यासारख्या संस्थांनी आपल्या मदतनिधीकडे त्या दृष्टीने पाहावे. गरिबीला तत्त्वज्ञानाचे वस्त्र पांघरू नये.

म्हणूनच हा निर्णय एका हातावर सोपविलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष लिहिलेले, नोटरी वा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे साक्षांकित केलेले इच्छापत्र. एकामागून एक दोन वैद्यकीय मंडळांचा विचार. जवळच्यांची संमती, आणि अंमलापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास कळविणे, असा तो क्रम आहे. गोव्यात असे पहिले इच्छापत्र मे २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर तेव्हा असलेले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी केले.

निर्णय दुसऱ्यांचा असला, तरी तो पार पाडण्याची रीत ही त्या हाताचीच जबाबदारी आहे. घुसमट होऊ नये म्हणून औषध आधी दिले गेले आहे ना, हे पाहणे. नातेवाइकांना पुढे काय दिसेल ते सौम्य शब्दांत सांगणे. नळी काढल्यावर पाठ न फिरविता शेवटपर्यंत उभे राहणे, हा त्याचा धर्म. आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी कबूल होत नसेल, तर त्याने तसे वेळीच सांगावे व दुसऱ्याने ते काम घ्यावे. मनाविरुद्ध त्याच्यावर ते लादू नये.

आता राहिला आपला, म्हणजे कुटुंबांचा, धर्म. घशातील नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे रुग्णास बोलता येत नाही. आणि ज्या ओठांत तुळशीपत्र ठेवावयाचे, ते ओठ नळीने व्यापलेले असतात. त्या घटकेला ‘बाबांची इच्छा काय होती?’ असे मुले एकमेकांस विचारतात, आणि उत्तर कोणाजवळच नसते. मग भावाभावांत वाद होतो, बोल त्या परक्या माणसास लागतो, आणि वर्षानुवर्षे मनात सल राहतो. घरात मरणाची भाषा अशुभ मानून आपण हा विषय टाळतो. परंतु टाळलेला विषय नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतो. ज्येष्ठांनी आपली इच्छा धडधाकट असतानाच स्पष्ट सांगावी, धाकट्यांनी ती न रडता, न रागावता ऐकावी, आणि शक्य तर लिहून ठेवावी. श्वास राखणाऱ्या अनोळखी हातांवरील ओझे हलके करण्याचा याहून सोपा उपाय आम्हांस दिसत नाही.