बोंड फोडून पाहा

शहादा तालुक्यातल्या प्रकाशा गावी तापी-गोमाईच्या संगमाकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी आहे, पपई आहे, केळी आहे, आणि शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल आहे. सल्ल्याला तोटा नाही. किसान कॉल सेंटर 2004 पासून फोनवर उत्तरं देतं, ‘मेघदूत’ अॅप 2019 पासून हवामान सांगतं, पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारी अॅपं आहेत. तरी फवारणीचा निर्णय बहुधा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरच होतो. दुकानदाराला औषध खपवायचं असतं, हे सगळ्यांना कळतं. पण तो उधार देतो, आणि औषध लागू पडलं नाही तर त्याला जाब विचारता येतो. अॅपला कुठे गाठायचं?

सल्ला ठामपणे दिला म्हणून भरवसा बसत नाही; आपल्याच शेतात तो ताडून पाहता आला की बसतो. गुलाबी बोंडअळीचंच घ्या. ‘प्रादुर्भाव दिसताच शिफारशीत कीटकनाशक फवारावे’ या वाक्यावर कोण पैसे घालील? त्यापेक्षा असं सांगा: कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग आले, किंवा शेतभर फिरून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी 2 बोंडांत अळी निघाली, तर फवारा. यातलं काहीच झालं नसेल तर ‘थांबा’ म्हणा. हे ‘थांबा’ काउंटरवर क्वचितच ऐकू येतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. न केलेल्या फवारणीचं मोल त्यानंतर तरी कळायला हवं.

पपईचं पान पिवळं पडलं तर अॅपने आधी विचारावं: खत कधी दिलं, शेंड्याची पानं आकसलीत का, फळावर गोल ठिपके आहेत का? रिंगस्पॉट विषाणू असेल तर झाड बरं करणारं औषधच नाही, हे स्पष्ट सांगावं. फोटोवरून ठरत नसेल, तर ‘खात्री नाही, पान कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा’ हासुद्धा पुरा सल्ला आहे. पावसाचा अंदाज शहादा तालुक्याचा असेल तर तसं लिहावं. तो तुमच्या बांधावरचा आहे असं भासवू नये. आणि प्रश्न अहिराणीत, भिलीत बोलून विचारता यावा.

फवारणीनंतर काही दिवसांनी अॅपनेच विचारावं: अळी अजून दिसते का? उत्तर ‘दिसते’ आलं, तर पुढचा फोन माणसाचा असावा, आपलं नाव सांगून बोलणाऱ्या माणसाचा.